‘पंप गेलाय’ म्हणाले? आधी टाकीचं झाकण उघडा

जुनी पिकअप घाटात दम टाकायला लागली, सकाळी आठ-दहा सेल्फ मारल्याशिवाय चालू होईना किंवा भर रस्त्यात झटके द्यायला लागली, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं: ‘पंप खोलावा लागेल.’ साध्या पंपाच्या गाडीला या वाक्याची किंमत 10 ते 25 हजार रुपये. कॉमन रेलच्या गाडीला 50 हजारांच्या वरही जाते. पंप कधी जातच नाही असं नाही. पण त्याआधी बघायच्या सहा-सात गोष्टी फुकट किंवा 500 रुपयांच्या आत होतात. त्या झाल्याशिवाय पंपाला पाना लावू देऊ नका.

इथे दिलेले दर तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी गॅरेजचे ढोबळ अंदाज आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मजुरी जास्त धरा.

तुमची गाडी कुठल्या पंपाची?

बॉनेट उघडा. पंपातून चार लोखंडी नळ्या निघून थेट चार नोझलना गेलेल्या दिसल्या, तर गाडी साध्या म्हणजे मेकॅनिकल पंपाची. जुन्या टाटा 207, बोलेरो पिकअपची जुनी डीआय मॉडेलं यातली. नळ्या आधी एका जाड आडव्या नळीला जोडलेल्या असतील आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरीचा सॉकेट असेल, तर कॉमन रेल.

या फरकावर खर्च ठरतो आणि हातपाय शाबूत राहणंही. साध्या पंपात नोझल साधारण 200 ते 250 बार दाबाला उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब 1600 बारपर्यंत जातो. साध्या पंपाच्या गाडीत इंजिन चालू ठेवून नळीचा नट सैल करायची जुनी पद्धत आहे. कॉमन रेलला ती कुणालाही करू देऊ नका, कितीही जुना मिस्त्री असला तरी. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. असं झालंच तर हळद-मलम करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा.

फुकटातलं आधी

पहिलं टाकीचं झाकण. माझ्या मेहुण्याची पिकअप नारायणगावहून टोमॅटो घेऊन निघायची आणि तासाभरानं बंद पडायची. अर्धा तास उभी ठेवली की चालू, पुन्हा तासाभरानं बंद. दोन गॅरेजनी पंपाचं निदान केलं. एकानं 18 हजारांचा आकडाही लिहून दिला. पंप काढायला सोमवारी गाडी लावायची ठरली. रविवारी डिझेल भरताना पंपावरच्या पोरानं झाकण फिरवलं आणि ‘सुऽऽस्स’ करत टाकीनं हवा आत ओढली. दोन महिन्यांपूर्वी टाकीतून डिझेल चोरीला गेलं म्हणून मेहुण्यानं बाजारातून कुलपाचं झाकण आणून बसवलं होतं. त्याला हवेचं छिद्रच नव्हतं. डिझेल संपत जाईल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि फीड पंपाला डिझेल ओढता येईना. खर्च शून्य, फक्त जुनं झाकण शोधायला लागलं.

तुमची गाडी थोडं अंतर चालून बंद पडत असेल, तर बंद पडल्या पडल्या झाकण उघडा आणि कान द्या. आवाज आला, तर झाकण सैल ठेवून तेवढंच अंतर चालवून बघा. काही गाड्यांत हवेची नळी झाकणात नसते, टाकीवर वेगळी असते. तिच्या तोंडाशी चिखल बसतो. तीही बघा.

दुसरं पाणी. फिल्टरच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या तळाशी ड्रेनचा स्क्रू असतो. लेबल काढलेली पाण्याची बाटली खाली धरा, पाव बाटली डिझेल सोडा, दहा मिनिटं बॉनेटवर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. लालसर गाळ दिसला तर टाकीला आतून गंज. काळे कण असतील तर रबरी नळी आतून झडतेय. नळीला मीटरमागे 100-200 रुपये पडतात आणि ती अख्खीच बदलायची, तुकडा जोडायचा नाही. पावसाळ्यात ही तपासणी दर आठवड्याला केलीत तरी चालेल. फक्त ते डिझेल परत टाकीत ओतू नका.

तिसरं, गाडी एकाएकी बंद पडून अजिबात चालू होत नसेल तर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड. मेकॅनिकल पंपाच्या बऱ्याच गाड्यांत तो पंपावरच असतो. दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा आणि पंपावर बोट ठेवा. ‘टक्’ जाणवलं नाही, तर आधी वायर, मग फ्यूज, मग सोलेनॉइड. खड्ड्यात आपटून नुसती वायर निघालेली असते आणि बिल पंपाचं होतं. काही गाड्यांत याच कामाला मोटर किंवा केबल असते. ती अर्धवट अडकली तरी गाडी उठत नाही.

चौथं, जे डिझेलचं नाहीच ते वगळा. बॅटरी कमजोर असेल तर इंजिन हळू फिरतं आणि कितीही चांगलं डिझेल आलं तरी पेटत नाही. थंडीत सकाळी त्रास आणि दिवसभर गाडी ठणठणीत, असं असेल तर हीटर प्लग बघा. एकाला 300 ते 700 रुपये. घाटात दम नाही आणि काळा धूर, तर एअर फिल्टर आणि टर्बोचा रबरी होज. होजला बारीक चीर असते, ती हातानं दाबल्याशिवाय दिसत नाही.

हवा कुठून शिरते?

जुन्या पिकअपचा सगळ्यात मोठा आजार हाच. ‘गाडीनं एअर घेतली’ हे गॅरेजमध्ये दिवसातून दहादा ऐकू येतं. पण एअर काढून देणं म्हणजे दुरुस्ती नाही. ती शिरते कुठून हे शोधायला हवं. रोज 200 रुपये देऊन एअर काढून घेणारे लोक मी बघितलेत.

टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. म्हणून तिथे बारीक गळती असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब शोधून उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानातून 50 रुपयांची पारदर्शक नळी आणा आणि फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या लाईनमध्ये तात्पुरती बसवून घ्या. इंजिन चालू केल्यावर बुडबुडे सतत येत राहिले तर मागे सरकत जा: फिल्टरचा सील, हँड प्रायमर, फीड पंप, क्लिप, नळी. बँजो बोल्टची वायसर जुनीच परत लावलेली असते, हे फार आढळतं. नवी वायसर पाच-दहा रुपयांना मिळते. हँड प्रायमर दाबत राहिलं आणि तो कधी कडक लागतच नाही, तर हवा तरी आहे किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह गेलेत. फीड पंपाचं किट 200-400 रुपये, नवा फीड पंप दीड ते तीन हजार.

साध्या पंपाच्या गाडीला यापुढची तपासणी डब्याची. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यात फिल्टर केलेलं डिझेल. डबा पंपापेक्षा उंच बांधायचा आणि नळी थेट फिल्टरला जोडायची, टाकी आणि तिची लाईन बाजूला काढून. रिटर्नची नळी त्याच डब्यात सोडायची. एअर काढून गाडी चालवा. आता नीट ओढत असेल तर दोष टाकी ते फिल्टर या भागात आहे. तुमचा पंप आणि नोझल निर्दोष सुटले. अर्ध्या तासाचं काम, मजुरी 200-300 रुपये. ‘याची गरज नाही, मला आवाजावरून कळतं’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून गाडी काढा.

टाकीत गाळ निघाला तर टाकी उतरवून धुणं, जाळी साफ करणं: 1000 ते 2500 रुपये, अर्धा ते एक दिवस. धुतल्यावर पूर्ण वाळवून घ्या. टाकीला भोक असेल तर नुसती रिकामी करून वेल्डिंग करू देऊ नका. आतल्या वाफेनं टाकी फुटते.

धूर वाचा

काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर बदलूनही जात नसेल तर नोझल टपकतंय. सकाळी पांढरा धूर आणि झोंबणारा वास: डिझेल न जळता बाहेर येतंय. हीटर प्लग, टायमिंग, पाणी, नाहीतर कॉम्प्रेशन. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हा विषय डिझेलचा नाही, हेडचा आहे. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. नोझलवर पैसे घालवू नका.

ऑईलची कांडी बघायला विसरू नका. ऑईलची पातळी आपोआप वाढली आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाचा सील किंवा नोझल आतून गळतंय. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका. पातळ झालेल्या ऑईलवर बेअरिंग जातात आणि खर्च इंजिनाच्या घरात पोचतो.

एक स्वस्त युक्ती पीयूसी केंद्राची. डिझेल गाडीला शुल्क दीडशे रुपयांच्या आसपास. तिथलं मशीन धुराचा आकडा छापून देतं. बीएस-4 च्या आधीच्या गाडीला मर्यादा 2.45, बीएस-4 ला 1.62. पंप-नोझलच्या कामाआधी एक आणि नंतर एक आकडा घ्या. काम झालं की नाही यावर मिस्त्रीशी वाद घालायची गरज उरत नाही. तुमची गाडी बीएस-3 की बीएस-4 हे बऱ्याचदा आरसीवर लिहिलेलं असतं.

आता नोझल आणि पंप

साध्या पंपाच्या गाडीत एक सिलिंडर मिसिंग असेल, तर आयडलवर एकेका नळीचा नट सैल करतात. ज्याच्यानं इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. मग चारही नोझल काढून टेस्टरवर लावायची. तपासणी एका नोझलला 50 ते 150 रुपये. तुम्ही स्वतः समोर उभे राहा, हात लांब ठेवून. चांगलं नोझल धुक्यासारखा एकसारखा फवारा मारतं आणि झटक्यात बंद होतं. खराब नोझलच्या टोकाला थेंब लोंबकळतो किंवा पिचकारीसारखी एकच धार येते. टीप बदलायला 600 ते 1200 रुपये एकाला. सकाळी दिली की संध्याकाळी मिळतात. बसवताना खालची तांब्याची वायसर नवीनच हवी आणि जुनी खाचेत चिकटून राहिलेली नाही हे बघून घ्या. एकावर एक दोन वायसर बसल्या की नोझल वर उचललं जातं आणि नव्या टीपचाही धूर येतो.

इतकं करूनही गाडी तशीच राहिली तर पंप. काढण्याआधी पंपाच्या नंबर प्लेटचा आणि टायमिंगच्या खुणेचा फोटो घ्या. पंप टेस्ट बेंचवर आधी आहे तसा चढवायला सांगा, खोलून नाही. चार सिलिंडरना किती डिझेल जातं ती रीडिंग कागदावर घ्या. त्यात खोट दिसली तरच खोलायचा. काम झाल्यावर दुसरी रीडिंग घ्या. कॅलिब्रेशनची मजुरी 3 ते 8 हजार, आत एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह वगैरे बदलले तर ते वेगळे. एक ते तीन दिवस धरा.

‘थोडा पंप वाढवून देतो, घाटात पळेल’ ही ऑफर नाकारा. डिझेल वाढतं, काळा धूर वाढतो, ॲव्हरेज पडतं, इंजिन तापतं आणि पीयूसी अडकतं. पळते ती आठवडाभर.

कॉमन रेलवाल्यांनो, खिसा सांभाळा

क्रम असा: आधी डिझेल फिल्टर, मग स्कॅनर, मग रिटर्न टेस्ट, आणि सगळ्यात शेवटी इंजेक्टर काढणं. फिल्टर बिलासह 500 ते 1500 रुपये. नवा फिल्टर बसवताना त्यात डब्यातलं उघडं डिझेल ओतून भरू देऊ नका. ते न गाळलेलं डिझेल थेट इंजेक्टरमध्ये जातं. प्रायमर मारून भरायचा.

स्कॅनिंगला 500 ते 1000. कोड छापून किंवा फोटो काढून घ्या. पी-0087 या कोडचा अर्थ एवढाच की रेलमधला दाब हवा त्याहून कमी आहे. पंप खराब आहे असं तो म्हणत नाही. चोंदलेला फिल्टर, हवा, गळणारा इंजेक्टर, बिघडलेला दाब-सेन्सर, सगळ्यांनी हाच कोड येतो. सेल्फ मारताना रेलमध्ये किती दाब तयार होतो तेही स्कॅनरवर दिसतं. बऱ्याच गाड्यांत साधारण 200 बारच्या खाली इंजेक्टर उघडतच नाहीत. तो आकडा विचारा.

रिटर्न टेस्टला चार सारख्या बाटल्या लागतात. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी एकेका बाटलीत सोडून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि एकीत निम्मी बाटली, तर दोषी सापडला. एकासाठी चारही बदलायचा आग्रह झाला, तर बाकीच्या तिघांची बेंच रीडिंग दाखवा म्हणा. बेंच तपासणी एकाला 300 ते 600, दुरुस्ती 4 ते 8 हजार, नवा 12 ते 25 हजार. हाय प्रेशर पंपाचं काम 15 ते 30 हजार. दोन ते पाच दिवस.

इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो. काढण्याआधी चारही कोडचे फोटो घ्या. तुमचे चांगले ठेवून दुसऱ्याचे जुने बसवले, तर हाच पुरावा. बऱ्याच गाड्यांत बदललेल्या इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. त्याचे 500-1000 रुपये शेवटी ‘कोडिंग’ म्हणून बिलात येतात. आधीच विचारून ठेवा.

बिलात लपलेलं

गाडी लावताना आरसीची प्रत, आधीची बिलं आणि जॉब कार्ड. जॉब कार्डवर तक्रार, किलोमीटर, टाकीत किती डिझेल आहे, अंदाजे खर्च आणि एक ओळ: ‘इतक्या रुपयांच्या वरचं काम फोन केल्याशिवाय करू नये.’ जुने पार्ट परत हवेत हेही तिथेच लिहा.

मग हे विचारा. काढणं-बसवणं बेंचच्या दरात आहे की वेगळं? स्कॅनिंग एकदाच की दर वेळी? टेस्टिंगचं डिझेल कुणाचं? पंप शहरात पाठवला तर ने-आण कोण देणार? गॅरंटी पार्टवर की मजुरीवरही, किती महिने? जुना इंजेक्टर ठेवून घेणार असतील तर त्याची किंमत बिलातून वजा झाली पाहिजे. रस्त्यात बंद पडलात तर टोइंग विम्यात गृहीत धरू नका. मेकॅनिकल बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही, रोडसाइड असिस्टन्सचं जोडकलम घेतलं असेल तरच.

22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. बिलात 28 टक्के दिसले तर जागेवर बदलून घ्या. कच्च्या पावतीवर जीएसटी लावता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारालाही तो गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. पाकिटावर एमआरपी छापलेली असेल तर त्यात कर आलेला असतो, वर पुन्हा लावायचा नाही.

डिझेलचाच दोष असेल तर

भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला तर इंजिन बंद करा, पावती आणि लिटरभर नमुना स्वच्छ बाटलीत ठेवा, त्याच दिवशी पंपावर आणि तेल कंपनीकडे लेखी तक्रार द्या. पंपावर डेन्सिटी तपासून मागता येते. 15 अंशांना बदलून आलेला आकडा नोंदीतल्या आकड्यापेक्षा घनमीटरला 3 किलोहून जास्त वेगळा नसावा. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. फिल्टर पेपरची चाचणी पेट्रोलसाठी असते, डिझेलला ती कुणी करून दाखवली तर भुलू नका. हायवेवर ‘बायोडिझेल’ म्हणून ड्रममधून स्वस्तात मिळतं ते घेऊ नका. लिटरमागे वाचलेले दहा-पंधरा रुपये पंप आणि नोझल वसूल करतात. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी रिकामी करा.

फसवणूक झाली तर

आधी गॅरेजला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ‘पिकअप धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असं समोरचा म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा कायद्यानं ग्राहकच ठरतो. हा मुद्दा तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. मुदत दोन वर्षांची आहे. थर्मल कागदाचं बिल काही महिन्यांत पांढरं पडतं, त्यामुळे गॅरेजमधून निघण्याआधीच त्याचा फोटो काढा.